मी किनारा थेटर, आन् कोंडिबाची मिशी

मी थेटर हाय. किनारा थेटर. नाव ऐकून किनारा शोधत बसू नका, तो गेला. खाडीत भराव टाकला, त्याच्यावर सेक्टर उठलं, सोसायट्या उठल्या, आन् माझं नाव तेवढं पाण्यापाशी ऱ्हायलं. तुर्भ्याच्या मार्केटातनं गावठाणाकडं निघालात की सायकलवाल्याच्या दुकानामागं दगडी भिंती आन् वर पत्रा दिसंल. तो मी.

बोलणं राकट हाय म्हणून नाक मुरडू नका. थेटराला काय शाळा असती का? भिंतीला जे ऐकू येतं तेच भिंत बोलती. आन् माझ्या भिंतींनी सगळ्यात जास्त ऐकलं ते कोंडिबाचं. कोंडिबा माझा पडदा वडणारा, माझी झाडलोट करणारा, माझ्या मागच्या खोलीत बायकोसंगं राहणारा. सातारकडचा गडी. दोन बुकं शिकलेला, तोंडानं फाटका, डोस्क्यानं तापट. त्याची भाषा मला लागली, रागबी लागला. लागला तर लागला.

एक गोष्ट मला जन्मल्यापासनं कळंना. माणसाला ठाऊक असतं की वर चाललंय ते खोटं हाय. राजा म्हंजे पलीकडच्या आळीतला न्हावी, राणी म्हंजे भाड्यानं आणलेली बाई. तरी माणूस तिकीट काढून येतो, आन् खोटं बघून खरं रडतो. का? चांगली डोळं पुसत बाहेर पडतात, आन् दारात जाऊन भजी खातात! मी लई इचार केला. दगडाला इचार करायला वेळ भरपूर असतो.

माझा जन्म तसा मिठाचा. रज्जाकशेटचा बाप जासईकडचा मिठाचा व्यापारी. हाजीसाहेब म्हणायचे त्याला. आगरातलं मीठ भरायला त्यानं मला बांधलं. अजूनबी दमट हवा सुटली की माझ्या भिंतीला मीठ फुटतं. बोट लावा आन् चाखून बघा. खोटं निघालं तर पायताण मारा.

एकदा एक नाटकमंडळी होडीनं खाडी वलांडत होती. वहटी लागली, होडी चिखलात रुतली. हाजीसाहेबानं त्यास्नी माझ्यात आसरा दिला. उपकार ठेवायचा न्हाई म्हणून मंडळींनी मिठाच्या गोण्या रचल्या आन् त्याच्यावर उभं राहून नाटक केलं. तळवलीपासनं आगरी माणसं चालत आली. नाटकात बाईचं पोर कुणी चोरलेलं. ती रडाय लागली तसा हाजीसाहेब ताडकन उठला आन् वरडला, "अरे, द्या रे कोणीतरी तिचा पोर तिला!" सगळी फिदीफिदी हसली. तो खाली मान घालून बसला. पर सकाळी म्हणाला, "मीठ काय, कुठंपण ठेवता येतं. हे कुठं ठेवू?"

आन् मी गोदामाचा थेटर झालो.

मंग माझ्यात काय न्हाई झालं? आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणाऱ्या बाया आल्या. उरुसाला कव्वाल आलं. शहर व्हायचं म्हणून जमिनी गेल्या, त्याच्या सभा माझ्याच पोटात झाल्या. एवढ्या मोठ्यांदा शिव्या मी कुठल्या नाटकात ऐकल्या न्हाईत. पोरांची ग्यादरिंगं झाली, शरीरसौष्ठव झालं. अंगाला तेल लावलेल्या त्या गड्यांनी माझा पडदा असा घाण केला की कोंडिबा महिनाभर त्यास्नी शिव्या देत होता.

मार्केट हिकडं आलं तशी सातारकडची माथाडी माणसं आली. दिवसभर पाठीवर गोणी, आन् डोस्क्यात नाटक. त्यांनी मंडळी काढली. जोतीराम तिचा म्होरक्या, उंच, आवाजानं खणखणीत. मार्केटच्या सुट्टीला, थंडीच्या दिसांत, दुपारचं एक नाटक वर्साला व्हायचंच. दुपारचं, कारण पहाटे गाड्या खाली करायला जावं लागतं.

पर नव्वद साल सरलं आन् दिवस फिरलं. घराघरात केबल आली. पलीकडच्या सेक्टरात गार हवेचं, मऊ खुर्च्यांचं नाट्यगृह होणार म्हणून गाजावाजा झाला. माझ्याकडं काय? लाकडी खुर्च्या, त्यात ढेकूण. पंखा फिरतो तवा असा कण्हतो की नट आपलं वाक्य इसरतो.

सत्त्याण्णव साल लागलं आन् रज्जाकशेटचा पोरगा अरमान मोजायची टेप घिऊन आला. खडूनं माझ्या फरशीवर चौकोन काढाय लागला. हितं खोकी, तितं पिंपं, ह्या बाजूनं टेम्पो मागं घ्यायचा. बंदरातनं येणारा माल ठेवायला लोकांना जागा पायजे होती, आन् अरमानचा धंदाच तो.

रज्जाकशेट खुर्चीत बसून बघत होता. म्हातारा शांत. त्याला राग आला की तो फकस्त चष्मा पुसतो.

"अरमान, तुझ्या आज्यानं ही जागा नाटकाला दिली."

"अब्बा, आज्यानं बांधली ती माल ठेवायलाच ना? मी पण मालच ठेवतोय. म्हणजे आज्याचंच काम पुढे नेतोय. आणि नाटक कुठे होतं इथे आता? सांगा ना. दोन वर्षं झाली, जोतीरामचं नाटक शेवटापर्यंत गेलंच नाही."

हे मातर खरं होतं. एका वर्सी हिरोला पहिल्या अंकात ताप भरला. दुसऱ्या वर्सी कुणीतरी मागनं शिट्टी मारली, तवा कोंडिबा पडद्याची दोरी सोडून खाली उतरला आन् त्यानं त्या माणसाला बदडलं. पडदा धाडकन खाली आला तो वर गेलाच न्हाई.

रज्जाकशेटनं चष्मा पुसला. "एक काम करू. ह्या वेळचं नाटक बघू. तीन अंक, शेवटच्या पडद्यापर्यंत. झालं, तर मी आहे तोवर थेटर राहील. मध्येच बोंबललं, तर दुसऱ्या दिवशी चावी तुझी."

"पक्का?"

"जबान दिली."

कोंडिबा विंगेत झाडू घिऊन उभा होता. त्यानं ऐकलं. थेटर गेलं म्हंजे मागची खोली गेली, खोली गेली म्हंजे संसार रस्त्यावर. आन् त्या टायमाला खोलीत एक पाव्हणा होता, त्याचा बाप.

हौसेराव त्याचं नाव, गाव त्याला आबा म्हणतं. मोतीबिंदू काढायला म्हणून सातारहून आणलेला. डोळं थंडीतच कापायचं असतं असं गावाकडं मानतात. एका डोळ्याचं आपरेशन होऊन त्याच्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यावरबी मोतीबिंदूचा सारा आलेला, त्यातनं नुसतं धुकट दिसायचं. डॉक्टरनं सांगितलेलं, वाकायचं न्हाई, खोकायचं न्हाई, आन् रडायचं तर मुळीच न्हाई. आबा म्हणाला, "रडतंय कोण? माझ्या बापानं मला रडाय शिकवलं न्हाई." पोराचा राग कुठनं आला ते मला तवा कळलं.

आता नाटकाचं ऐका. गोदा नावाची लेक असती. ती मनासारखं लगीन करती, बाप तिला उंबऱ्याबाहेर काढतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटाला बाप गेल्याचा सांगावा येतो. तिसऱ्या अंकात ती माहेरच्या दारात येती, भाऊ तिला आत घेत न्हाई, आन् ती उंबऱ्यावर बसून मेलेल्या बापाशी बोलती. सगळं नाटक गोदावर. म्हणून पनवेलहून स्मिताबाई आणली. गावोगावच्या नाटकांत भाड्यानं काम करायची, झ्याक नटी. दोन तालमी झ्याक झाल्या.

तिसऱ्या तालमीला बाई उशिरा आली. घाईत उंच टाचांच्या चपला घालून तशीच माझ्या रंगमंचावर चढली.

आमच्यात रंगमंचावर पायताण घिऊन कुणी चढत न्हाई. मंत्री आला तरी न्हाई. कोंडिबा विंगेतनं गरजला, "ए बाई! पायताण काढ आदी!"

ती म्हणाली, "अहो, फरशी किती घाण आहे बघा तरी!"

झालं! फरशी सकाळ-संध्याकाळ कोण झाडतं? कोंडिबा. त्यानं चपला उचलल्या आन् खिडकीतनं अशा भिरकावल्या की एक सायकलवाल्याच्या पत्र्यावर पडली, दुसरी गटारात. बाईनं त्याच्याकडं बघितलं, पर्स उचलली. "नाचवा आता तुमची फरशीच," म्हणाली आन् अनवाणी चालती झाली. जोतीराम पार स्टॅंडापर्यंत हात जोडत गेला. ती परतली न्हाई.

खरं सांगू? मला तिचा राग आला होता आन् त्याचाबी.

नाटक आठवड्यावर आलेलं. जोतीराम परत आला तो कपाळाला हात लावून. "कोंड्या, भाड्या, दरसाली तूच कसा रं मधी कडमडतोस? आता गोदा कुठनं आणू? एवढं पाठ कोण करणार?"

कोंडिबानं झाडू खाली ठेवला. मंग हळूच म्हणाला, "पाठ हाय."

"कुणाला?"

"मला. दोरी धरून उभा असतो न्हवं. समदी नाटकं पाठ हाईत."

"मंग तूच हाकललीस, तूच हो गोदा!" कुणीतरी म्हणालं आन् सगळी खिदळली. जोतीराम हसला न्हाई. त्यानं कोंडिबाला दोन वाक्यं म्हणाय लावली. कोंडिबा लाजत म्हणाला. मी दगड, पर माझ्या अंगावर काटा आला. त्या बैलासारख्या गळ्यातनं असा पातळ, दुखरा सूर निघाला की पेटीवाल्याचं बोट पट्टीवरच थांबलं.

"आवाज जमला," जोतीराम म्हणाला. "पर मिशी?"

कोंडिबाची मिशी म्हंजे जाडजूड, टोकाला पिळलेली. "राहू द्या की. पदर घेतो तोंडावर."

"गोदा हाय का हवालदार?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवती ती. आमच्याकडं बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावत न्हाईत. बाप गेला की मगच मिशी जाती. बोडक्या वठाचा माणूस दिसला की त्याला काय झालं म्हणून इचारायचं नसतं, आपण समजून घ्यायचं असतं. आन् कोंडिबाचा बाप हितं पाच पावलांवर खाटंवर बसून भाकर खात होता.

कोंडिबा दिवसभर मिशीला पीळ देत विंगेत बसून राहिला. शेवटी बाळाबाई, त्याची बायको, विंगेत आली. बाई कमी बोलती, पर बोलली की खिळा ठोकती.

"अवं, मिशी पुन्यांदा उगवती. घर उगवतंय का?"

"आबाला काय सांगू?"

"मामंजीस्नी दिसतंय कुठं? धुकाटच न्हवं? ती नाटकातल्या पेटीतली मिशी चिकटवा आन् घरात वावरा. पट्टी सुटंस्तवर खरी फुटंल."

दुसऱ्या दिशी कोंडिबा मार्केटातल्या न्हाव्याकडं गेला. ते मी बघितलं न्हाई, पर नंतर समद्यांच्या तोंडनं ऐकलं. वस्तरा फिरला, न्हाव्यानं तुरटी चोळली, ती अशी झोंबली की कोंडिबाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. तसाच डोळं पुसत भाईर पडला तर समूर पोपट. पोपट त्याच्याच गावचा, वांगी-घेवड्याचा टेम्पो घिऊन यायचा. कोंडिबाला लाज वाटली. त्यानं मान फिरवली आन् गर्दीत घुसला.

पोपटनं काय बघितलं? डोळं कापायला बाप शेरात आणलेला. ल्योक बोडक्या वठाचा, डोळ्यांत पाणी, तोंड लपवत चाललेला. अशा टायमाला हाक मारून इचारायचं नसतं. पोपट रीतीचा माणूस. त्यानं इचारलं न्हाई. टेम्पो रिकामा केला आन् सरळ गावाकडं निघाला.

हिकडं घरात वेगळाच खेळ. कोंडिबा दिवसभर गमनं डकवलेली मिशी घालून बापाला औषध घालायचा, भाकर वाढायचा. एकदा ती आमटीत पडली. बाळाबाईनं झटक्यात पळीनं काढली. आबा म्हणाला, "काय पडलं गं?" ती म्हणाली, "कढीपत्ता, मामंजी." आन् संध्याकाळी तोच कोंडिबा मिशी काढून माझ्यावर उभा राहून "आबा, आबा" म्हणत रडायचा. मी बघत राहायचो. नाटक घरात चाललंय का हितं, तेच मला समजंना.

सुट्टीचा दिवस आला. खुर्च्या भरल्या. माणसं कडंला उभी राहिली, कोण अरमानच्या खडूच्या चौकोनांत मांडी घालून बसली. मार्केटातली झाडून माणसं आलेली, कोंड्या लुगडं नेसणार म्हणून! आबानं हट्ट धरला, मला पुढं बसवा, दिसत न्हाई तर ऐकतो. पोरगा पडदा वडतोय एवढंच त्याला ठाऊक. बाळाबाई शेजारी बसली. "मामंजी, रडायचं न्हाई, टाका सुटंल." रज्जाकशेट मागच्या दाराशी, त्याच्या बाजूला अरमान, हातात टेप.

जोतीरामनं नारळ फोडला. तिसरी घंटा झाली. पडदा वर.

कोंडिबा केसांचा टोप घालून, पदर सावरत आला तशी हशा उसळली. शिट्ट्या, "ए कोंडाबाई!", "एक गोणी उचलून दाव की!" मला वाटलं, आता हा खाली उतरतो आन् बदडतो. त्याच्या मुठी वळल्या होत्या, मला दिसल्या. पर त्यानं मुठी उघडल्या, बांगड्या मागं सारल्या, आन् पहिलं वाक्य टाकलं. दुसरं टाकलं. हसणं कमी कमी होत गेलं. पहिला अंक सरला तवा पंखा कण्हत होता तेवढाच आवाज.

आबा सुनंला म्हणाला, "बाई कुठनं आणली गं? वळखीची वाटती. आपल्याकडचीच असंल, हेल आपलाच हाय."

बाळाबाई म्हणाली, "व्हय मामंजी, आपल्याकडचीच."

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. सांगावा आला की गोदाचा बाप गेला. कोंडिबानं छाती पिटली आन् गळा काढला, "आबाऽऽ! माझं आबा गेलं वंऽऽ!"

आन् त्याच येळला भाईर टेम्पो थांबला.

पोपटचा टेम्पो. पाठीमागं कोंडिबाची अख्खी भावकी. म्होरं आबाची भन शेवंताबाई. पोपटनं गावात सांगितलेलं, आपरेशन बिघडलं, आबा गेलं. मार्केटच्या सुट्टीला टेम्पो रिकामा घावला तशी रीतीपरमानं माणसं दुःखाला भेटायला आली होती. आली ती खोलीकडं, तर खोलीला कडी. आन् आतनं, माझ्या पोटातनं, कोंडिबाचा आवाज: आबा गेलं! मंग काय इचारता? दार ढकलून बाया आत घुसल्या.

"हौसेआबा! आरं माझ्या वाघाऽऽ! न भेटता गेलास की रं!"

लोकास्नी वाटलं, नाटकच हाय. असल्या टाळ्या! कुणीतरी म्हणालं, "जोतीराम, यंदा लई खर्च केलास!" जोतीराम वर खांबासारखा उभा. कोंडिबाचं रडणं मधीच तुटलं. त्यानं आत्तीला वळखलं.

आन् पहिल्या रांगेतनं, पट्टी बांधलेला आबा काठी टेकत उठला.

"कोण मेलं?"

शेवंताबाईनं बघितलं आन् किंचाळली. बाकीच्या बाया मागच्या मागं पळाल्या, सरळ अरमानच्या अंगावर. समदीकडं गोंधळ. "भूत! भूत!" कोण हसतंय, कोण खुर्चीवर चढतंय. पोपट दारात हात जोडून, "म्या डोळ्यानं बघितलं वो, कोंडिबाची मिशी न्हाई!"

त्यासरशी आबा आवाजाच्या दिशेनं वळला.

"कुणाची मिशी न्हाई?" आबा म्हणाला.

अरमाननं बापाकडं बघितलं. "अब्बा, नाटक बंद पडलं. तुम्ही जबान दिलीय." रज्जाकशेटनं चष्मा काढला. पर पुसला न्हाई, नुसता हातात धरला.

कोंडिबा माझ्यावरनं खाली उतरला. लुगडं, टोप, हातात बांगड्या. बापासमूर येऊन उभा राहिला. म्हाताऱ्यानं हात लांब केला. टोप चाचपला, गालावर रंग लागला बोटाला, बांगड्या वाजल्या. मंग बोट वठावर आलं आन् थांबलं.

"काढलीस?"

"काढली आबा."

"म्या जित्ता असताना!" काठी वर गेली. कोंडिबानं मान खाली घातली. हात आडवा घातला न्हाई. आख्ख्या मार्केटाला दम देणारा गडी, मी त्याला असा उभा कवा बघितला न्हवता.

तेवढ्यात शेवंताबाईचा हुंदका फुटला. काठी वरच राहिली.

"शेवंते, तू का रडतीस अजून? हाय की म्या."

"थांबंना झालंय दादा. खंबाटकीच्या घाटापासनं रडतीया."

"माझ्यासाठी?"

"न्हाईतर काय ह्या पोपट्यासाठी?"

म्हाताऱ्यानं बहिणीच्या दिशेनं मान वळवली. मंग त्याचं तोंड जरा वाकडं झालं, हसतोय का रडतोय कळंना. "मेल्यावर कोण किती रडतंय, ते जित्तेपणी कुणाला ऐकाय मिळतं गं? आमास्नी मिळालं." काठी खाली आली. "आन् कोंड्या, घरात तुझ्या वठावर काळं दिसत होतं ते?"

"नाटकातली मिशी, आबा."

"म्हंजे घरात नाटक करत होतास, आन् हितं खरं रडत होतास?"

कुणी हसलं न्हाई. मला वाटलं, माझ्या जल्माचा प्रश्न हा म्हातारा एका फटक्यात इचारून बसला.

कोंडिबा म्हणाला, "नाटक बंद पडलं तर थेटर जातंय आबा. घर जातंय. म्हणून."

"मंग बंद का पाडलंस?" आबानं काठी माझ्या फरशीवर आपटली. "मिशी गेली ती गेली. बाई अर्धी सोडू नगंस! चढ वर. आन् ए पोपट, ही माणसं एवढ्या लांबनं रडायला आलीत, त्यास्नी बसव म्होरं."

जोतीरामनं घंटा दिली. दोरीवर उभा केलेला गडी भूत म्हणून पळालेला, तर बाळाबाई उठली आन् तिनंच दोरी धरली.

तिसरा अंक माझ्या इटा-दगडांत अजून हाय. गोदा उंबऱ्यावर बसली. भावानं दार लावलं. कोंडिबा त्या लावलेल्या दाराकडं बघत न्हवता. तो पहिल्या रांगेकडं बघत होता.

"आबा, आत घेतलं न्हाईत तर न्हाई. पर ह्या उंबऱ्याला म्या ल्हानपणी लई ठेचा खाल्ल्यात. तेवढ्यापुरता तरी उंबरा माझा हाय. तेवढ्यावर बसून तुमास्नी जा म्हणते. जावा आबा. माझी काळजी करू नका. राग मातर न्हेऊ नका संगं, तो हितंच ठिवा, मला तुमची तेवढीच वस्तू ऱ्हाईल."

शेवंताबाई रडली, पोपट रडला, भजीवाला रडला. बाळाबाई दोरी धरून, "मामंजी, टाका!" म्हणाली, आन् आबा म्हणाला, "तुटू दे टाका." पडदा आला. पुरा आला, जमिनीला टेकला.

माणसं निघून गेली तवा फरशीवर अरमानचे खडूचे चौकोन दिसत न्हवते. पायांनी, लुगड्यांनी पुसून गेलेले. त्यानं खाली बघितलं, टेप खिशात घातली.

"अब्बा, तो खरंच कोंडिबा होता? चप्पल फेकणारा?"

"तोच."

"आणि मग तसा कसा झाला?"

रज्जाकशेट म्हणाला, "तुझ्या आज्याला पण हेच कळलं नव्हतं. म्हणून तर त्याने मीठ बाहेर काढलं."

तर मी ऱ्हायलो. आता नव्याण्णव साल हाय. अरमाननं मागच्या पडवीत मसाल्याच्या गोण्या ठेवल्यात, माझ्या नाकात सारखी हळद जाती. पर रंगमंचाला हात लावला न्हाई. गेल्या वर्सी तर तो स्वतः पुढच्या रांगेत बसला होता. स्मिताबाईबी परत आली, चपला दारात काढून. कोंडिबानं त्या उचलून फडक्यानं पुसून ठेवल्या, बोलला मातर न्हाई.

ह्या पावसाळ्यात आबा गेला. गावाकडंच, झोपेत. दिवसकार्य करून कोंडिबा परत आला, बोडक्या वठानं मार्केटातनं चालत. आन् जो तो हसून इचारतोय, "काय कोंडाबाई, आवंदा कुठली नायकीण?" "लवकर काढलीस की मिशी, नाटक तर लांब हाय!" कुणाच्या मनातबी आलं न्हाई. त्यांचाबी काय दोष?

मला वाटलं, आता हा कुणाचं तरी टाळकं फोडतो. फोडलं न्हाई. सरळ माझ्यात आला, दुपारची येळ, समद्या खुर्च्या रिकाम्या. दारात पायताण काढलं, वर चढला, उंबरा मांडतात त्या जागी बसला. आन् म्हणाला, "जावा आबा. माझी काळजी करू नका..."

समदं म्हणाला, शेवटपर्यंत. लुगडं न्हाई, टोप न्हाई, बघायला एक माणूस न्हाई. वाक्यं तीच, जोतीरामनं कुठनं तरी आणलेल्या नाटकातली. दुसऱ्याची, लिवलेली, खोटी. आन् त्याच्या पोटातलं खरं भाईर काढायला त्याला दुसरी सापडली न्हाईत. म्हणून माणसं येत असतील का माझ्याकडं? उद्याला लागणारी वाक्यं आजच घिऊन ठेवायला? मी आपला मिठाचा दगड, मला एवढंच उमगलं. चुकत असंल तर येऊन सांगा.

तवा या एकदा. ढेकूण हाईत, पंखा कण्हतो, हळदीनं शिंका येतील. पर जागा हाय, आन् पडदा वडायला कोंडिबा हाय. फकस्त वर चढताना पायताण काढा. न्हाईतर पुढं जे हुईल त्याला मी जबाबदार न्हाई.